गोल्फचा स्विंग : बदलती साधने आणि बदलते सल्ले

गोल्फचा स्विंग, म्हणजे चेंडू मारण्यासाठी क्लब (गोल्फची काठी) फिरवण्याची क्रिया, सुधारू पाहणाऱ्याला थोड्याच दिवसांत परस्परविरोधी सल्ले ऐकायला मिळतात. कोणी मनगटे मोकळी सोडायला सांगतो, तर कोणी ती आवरायला. कोणी डावी टाच उचलू देतो, तर कोणी ती जमिनीला टेकलेलीच ठेवायला लावतो. यांतील बरेच सल्ले मुळात चुकीचे नाहीत. ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या चेंडूंसाठी आणि दांड्यांसाठी घडले, आणि साधने बदलल्यावरही मागे उरले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंडमध्ये चामड्याच्या कवचात पिसे ठासून भरलेला चेंडू खेळात होता. लांब दांड्याचा लाकडी क्लब घेऊन चेंडूपासून दूर उभे राहायचे आणि अंगाभोवती आडवा फिरवायचा, अशी तेव्हाची रीत होती. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचा, चेंडू आला. तो स्वस्त होता, आणि लोखंडी क्लबच्या माराने पिसांच्या चेंडूसारखा फाटत नव्हता. १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनने अधिक उभ्या स्विंगने चेंडू उंच नेऊन अलगद उतरवण्याचे तंत्र लोकांसमोर आणले. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवण्याची पकड आजही त्याच्या नावाने ओळखली जाते, जरी जॉनी लेडले हा हौशी खेळाडू ती त्याच्याआधीच वापरत होता. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे उचलण्याच्या हालचालीच्या, टोकाला व्हार्डनचा डावा हात कोपरात स्पष्ट वाकलेला असे, ही गोष्ट ‘डावा हात ताठ’ हाच धर्म मानणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी.

खरी उलथापालथ मात्र दांड्याने घडवली. हिकरीच्या लाकडाचा दांडा वाकतो तसा पिळलाही जातो, त्यामुळे क्लबचे तोंड, म्हणजे चेंडूला लागणारा त्याचा सपाट भाग, ऐन वेळी सरळ करण्याचे काम हातांना आणि मनगटांना अचूक वेळ साधून करावे लागे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने १९२९ मध्ये पोलादी दांड्यांना मान्यता दिली. बॉबी जोन्सने १९३० मध्ये त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा हिकरीनेच जिंकल्या, पण त्या तंत्राचे दिवस भरत आले होते. पोलाद फारसे पिळले जात नसल्याने हातांची जुनी वळवणी त्यावर वापरली की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे वळू लागला. अमेरिकन खेळाडू बायरन नेल्सनने हे ओळखले, हातांचे काम कमी केले आणि पाय व कंबर यांच्यावर भार टाकला. १९४५ मध्ये त्याने सलग ११ स्पर्धा जिंकल्या. पुढे क्लब आणि चेंडू तपासण्यासाठी बनवलेल्या यंत्राला ‘आयर्न बायरन’ हे नाव मिळाले, ते त्याच्याच स्विंगवरून.

अमेरिकन खेळाडू बेन होगनचे १९५७ चे मार्गदर्शक पुस्तक आजही प्रमाण मानले जाते, आणि त्याची योग्यता निर्विवाद आहे. परंतु होगनचा आयुष्यभराचा शत्रू डावीकडे वळणारा चेंडू होता आणि त्याची पकड त्याच रोगावरचे औषध होती. बहुतेक नवशिक्यांचा चेंडू उजवीकडे वळतो. त्यांनी तीच पकड जशीच्या तशी उचलली, तर दुखणे वाढण्याचीच शक्यता अधिक.

१९६८ मध्ये ब्रिटनमधील एका संशोधक गटाने खांदा आणि मनगट या दोन सांध्यांवर झुलणाऱ्या जोडलंबकाच्या रूपात स्विंग मांडला. क्लब आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो, त्यामुळे त्या क्षणी हाताने काही दुरुस्त करणे माणसाला शक्यच नसते. जे करायचे ते आधीच झालेले असावे लागते. अलीकडच्या दोन दशकांत चेंडू आणि क्लब यांची हालचाल मोजणाऱ्या डॉप्लर रडारच्या उपकरणांनी आणखी एक जुनी समजूत मोडली. चेंडू स्विंगच्या मार्गाच्या दिशेने निघतो असे पिढ्यानपिढ्या शिकवले जाई. मोजमापांवरून दिसले की निघण्याची दिशा मुख्यतः क्लबच्या तोंडावर ठरते, आणि तोंड व मार्ग यांतील फरकामुळे चेंडू हवेत वळतो. म्हणजे ज्यांचा दोष पकडीत, आणि म्हणून क्लबच्या तोंडाच्या दिशेत, होता, अशा कितीतरी खेळाडूंना वर्षानुवर्षे खांदे बदलायला लावले गेले.