शाळू पिवळा पडतो तेव्हा समाधी शोधावी

गाव पहिल्यांदा कोणी वसवलं, असं विचारलं की मराठवाड्यातली म्हातारी माणसं रानाकडं बोट करतात. 'मूळपुरुषाची समाधी तिकडं, लिंबाखाली.' जाऊन बघावं तर लिंब नाही, ओटा नाही. ट्रॅक्टरनं केव्हाच सपाट केलेलं.

कुदळ घेऊन धावू नये. आधी १९५४ चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे गावच्या जमिनींची जुनी सरकारी नोंद, काढावं. एवढ्याशा पोटखराब्याची, म्हणजे रानातल्या पेरता न येणाऱ्या तुकड्याची नोंदही रोख दाखवते. बाकीचं माती सांगते.

आपल्याकडं वर काळी, खाली मुरूम. खड्डा बुजवताना दोन्ही कालवले जातात आणि पुन्हा कधी वेगळे होत नाहीत. लिंगायत समाजात देह बसवून पुरतात, म्हणून खड्डा लांबट नसतो, खोल असतो. भुसभुशीत भरावात मुळं खोल जातात, ओलही टिकते. मध्यम रानात सगळा शाळू पिवळा पडायला लागला, की मधलाच दोन-तीन हातांचा तुकडा हिरवा राहिलेला दिसू शकतो. बांधावरून तो हुकतो, ड्रोनमधून नजरेत भरतो. अर्थात तिथं जुनं उकिरड्याचं आळंही असू शकतं!

भारी काळीत मात्र हा डाव फसतो. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; वरची ढेकळं भेगांत पडतात आणि जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. वरच्या थरातल्या खड्ड्याच्या कडा त्यात पुसल्या जातात. जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारच्या लहरीही ओल्या चिकणमातीत लवकरच विरतात; मुरमाड माळावर तेच यंत्र चांगलं चालतं. काळीत त्यापेक्षा चार सळया रोवून, वीज सोडून मातीचा रोध मोजणं बरं. भर पावसात सगळंच सारखं ओलं, म्हणून मोजायचं ते दिवाळीनंतर.

जागा सापडली की गाव उत्साहानं सिमेंट आणतं. माझ्या मते खरा घात इथंच होतो. चुन्याचं बांधकाम ओल बाहेर सोडतं, सिमेंट ती कोंडतं. मग क्षार फुलून दगडाचे पापुद्रे सुटतात. शिवाय काळीवर थेट बांधलेला ओटा दोन-चार पावसाळ्यांत तडकतो. खाली मुरूम हवा.

दगडावर अक्षरं असतील तर तारेचा ब्रश नको, ऑइल पेंट नको. अजिंठा गावातली पारो १८५६ मध्ये गेली, हे आज ठाऊक आहे ते चित्रकार रॉबर्ट गिलनं आपल्या या प्रेयसीच्या कबरीवर कोरून ठेवलं म्हणून. झिजलेली अक्षरं वाचायला रात्री जावं आणि मोबाइलची बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर सावल्यांची ओळ उभी राहते.