दोन वर्षांची शिक्षा आली कुठून?

आमच्या फाट्यावर मागच्या पावसाळ्यात पहाटे एका काकांना गाडीने उडवलं, त्यात ते गेले, दूध घालायला निघाले होते, सायकलच्या चाकाचा पार आठ झालेला आणि कॅनचं झाकण लांब गटारात पडलेलं. गाडीवाला थांबलाच नाही. घरातले अजून विचारतात, सापडला तर त्याला होणार काय?

तर जुनी दंड संहिता १८६० ची, त्यात हयगयीने कोणाचा जीव गेला तर काय, हे कलमच नव्हतं, ३०४ अ नंतर १८७० ला घातलं. तेव्हा मोटार कोणी बघितलीही नव्हती, रस्त्यावर बैलगाड्या नि घोडागाड्या. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं किंवा नुसता दंड, वर जामीनपात्र. तीच पुढे दीडशे वर्षं ट्रकला नि लक्झरीला पण लागू राहिली, म्हणजे बैलगाडीच्या काळात माणसाच्या जिवाचा जो हिशोब लावला तोच चालू, मला हे अजिबात पटत नाही. सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाने २००९ ला दहा वर्षांपर्यंत न्या म्हणून सांगितलं, तरी कलम होतं तसंच.

मधे कोर्टांनी वेगळी वाट काढली. २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले ७ मजूर दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गेले, खालच्या कोर्टाने सहा महिने दिले होते, हायकोर्टाने सदोष मनुष्यवध, म्हणजे जीव जाऊ शकतो हे माहीत असून केलेलं कृत्य, धरून तीन वर्षं केली आणि २०१२ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली.

मग जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलम १०६ (१) मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड, १०६ (२) मध्ये पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत. ह्या दहा वर्षांवरून जानेवारी २०२४ ला ट्रकवाल्यांनी चक्का जाम केला, पंपांवर ही रांग, आणि १ जुलै २०२४ ला बाकी कायदा लागू झाला तो हे पोटकलम बाजूला ठेवूनच. म्हणजे काकांना उडवून पळालेल्याला पण पाच वर्षंवालंच कलम.

ड्रायव्हर म्हणतात थांबलो तर पब्लिक मारते, आणि ते खोटं नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येच जमाव खवळला असेल तर तिथे थांबून मदत करण्यातून सूट आहे. पण पुढच्या चौकीवर जाऊन सांगायला काय हरकत आहे? पहाटे पाचला आमच्या फाट्यावर जमाव कुठला.

अजून एक, ज्याच्याबद्दल कोकणात फार कमी बोललं जातं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८ अ आलं, रस्ता ठरलेल्या स्टँडर्डप्रमाणे केला नाही आणि त्यामुळे कोणी मेलं तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार ह्यांना एक लाखापर्यंत दंड. फक्त दंड, कैद नाही. आणि इकडे मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. काकांच्या फाट्यावर सर्व्हिस रोड अर्धवट होता, डायव्हर्जनला लाईट सोडा, साधा बोर्ड नव्हता. पंचनाम्यात ह्यातलं एक अक्षर नाही.