झिजलेल्या ठशाची पूर्वपीठिका

कडा कुरतडलेल्या आणि पोटात शाईचे टवके उडाल्यासारख्या दिसणाऱ्या जाड अक्षरांचे फाँट आज भित्तिपत्रकांवर, टी-शर्टांवर, कॉफीच्या पाकिटांवर आणि नाटकांच्या जाहिरातींत सर्रास दिसतात. ही झीज संगणकावर मुद्दाम आखलेली असते. मुद्रकांच्या कित्येक पिढ्यांनी मात्र तिला दोष मानले आणि ती लपवण्यासाठी रोज मेहनत घेतली, हे ध्यानात घेतल्याशिवाय या अक्षरांचे रूप उलगडत नाही.

जाड ठसा जाहिरातीच्या गरजेतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भिंतींवर लॉटरीची आणि नाटकांची पत्रके एकमेकांशी स्पर्धा करू लागली, तेव्हा रॉबर्ट थॉर्न यांच्यासारख्या टंकनिर्मात्यांनी अतिजाड अक्षरे पाडली. १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स यांनी जाड, चौकोनी टोकांची अक्षरे आणली. पण वीतभर उंचीचे अक्षर धातूत ओतणे खर्चिक होते, त्याचे वजन फार होई आणि निवताना त्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट होण्याची भीती असे. न्यूयॉर्कचे डेरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये लाकडी अक्षरे यंत्राने कापण्याची पद्धत बसवली. विल्यम लेव्हनवर्थ यांनी १८३४ मध्ये तिला पँटोग्राफची, म्हणजे नमुना गिरवून त्याची लहानमोठी प्रत काढणाऱ्या साधनाची, जोड दिली, त्यामुळे एकाच नमुन्यावरून लहानमोठ्या आकारांची अक्षरे काढता येऊ लागली. विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स या गावी जे. ई. हॅमिल्टन यांनी १८८० मध्ये सुरू केलेला कारखाना पुढे या धंद्यात अग्रगण्य ठरला. त्याच गावात आज लाकडी खिळ्यांचे, म्हणजे छपाईसाठी कापलेल्या सुट्या अक्षरांचे, संग्रहालय आहे.

या खिळ्यांसाठी बहुधा मेपलचे कठीण लाकूड वापरत आणि खोडाचा आडवा छेद छापाच्या बाजूला ठेवत. तरीही लाकूड ते लाकूडच. खिळा हातातून पडला की कोपऱ्याचा टवका उडे, दमट हवेने तो फुगे, कोरड्या हवेने त्याला बारीक चीर जाई. सतत वापराने पृष्ठभाग जिथे बसला असेल तिथे रुळाची शाई पुरेशी लागत नसे आणि कागदावर पांढरे ठिपके उमटत. कडेला मात्र दाबाने शाई सरकून गडद किनार तयार होई. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, अशा खिळ्याखाली कागदाची पट्टी सरकवून त्याची उंची इतरांच्या बरोबरीला आणत असे. अस्सल झिजक्या छापाची ओळख मला तरी या गडद किनारीत आणि आतल्या विरळ शाईतच दिसते. अनेक फाँटांत ती सापडत नाही, कारण तिथे अक्षरावर सरसकट वाळू शिंपडल्यासारखे ठिपके टाकलेले असतात.

झिजेकडे शैली म्हणून पाहण्याची दृष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. १९६१ पासून मिळू लागलेली लेट्रासेटची घासून उतरवायची अक्षरे नीट घासली नाहीत तर तडकत, आणि झेरॉक्सवर पुन्हापुन्हा प्रत काढली की कडा भरडत जात. सत्तरच्या दशकात ब्रिटनमधील पंक चळवळीने हाच ओबडधोबडपणा अभिमानाने मिरवला. मॅकिंटॉश संगणक आणि फाँट आखण्याची सॉफ्टवेअर आल्यावर तो थेट फाँटात शिरला. नेदरलँड्सचे एरिक फान ब्लोकलांड यांचा १९९१ चा ‘ट्रिक्सी’ हा जुन्या टंकलेखन यंत्राचा मळका ठसा जपणारा फाँट त्यातला महत्त्वाचा. त्याआधी त्यांनी आणि युस्ट फान रॉसम यांनी ‘बेओवुल्फ’मध्ये छापताना दरवेळी अक्षराची कड वेगळी निघेल अशी योजना केली होती. त्यामागचा विचार रास्त होता. एका शब्दात दोनदा आलेल्या ‘र’चा टवका हुबेहूब एकाच जागी दिसला, की ती झीज कृत्रिम असल्याचे तत्क्षणी कळते. आता ओपनटाइप या प्रकारच्या फाँटात एकाच अक्षराची दोनतीन रूपे ठेवून ती आलटूनपालटून वापरता येतात.

वापराच्या बाबतीत एक तांत्रिक मर्यादा कायम आहे. हे फाँट मोठ्या आकारातल्या दोनतीन शब्दांसाठीच असतात. लहान आकारात ठिपके बुजून नुसता मळकटपणा उरतो. कापडावरच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये अक्षरातली अतिबारीक छिद्रे शाईने भरून जातात, आणि विनाइल कापून अक्षरे चिकटवायची असतील तर प्रत्येक कण हाताने उचलून काढावा लागतो.

देवनागरीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने सुबक, रेखीव खिळ्यांचा जो मानदंड मराठी वाचकाच्या डोळ्यांत बसवला, त्यात अशा झिजेला जागा नव्हती. पण खरी अडचण लिपीच्या रचनेतच आहे. रोमन अक्षरावर उडालेला शाईचा कण बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतो. आपल्याकडे शिरोरेघेच्या वरचा तोच कण अनुस्वार होतो. ‘वश’चा ‘वंश’ आणि ‘रग’चा ‘रंग’ व्हायला एवढेच पुरते. उलट ‘बंड’वरचा टिंब झिजेत विरला तर ‘बड’ उरतो. शिरोरेघ मध्येच तुटली तर ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात गल्लत होते, कारण या जोड्यांमधला फरक मुळातच त्या रेघेशी बांधलेला आहे. म्हणून मराठीसाठी असा फाँट आखताना शिरोरेघेच्या वरची पट्टी पूर्ण स्वच्छ ठेवावी, अनुस्वाराचा टिंब भरीव आणि मोठा घ्यावा, आणि टवके उडवायचे ते कान्याच्या खालच्या अंगाला व अक्षराच्या भरीव पोटात उडवावेत.