तबकडीवरच्या ठिपक्यांचं वय

जुनं मनगटी घड्याळ हातात आलं की बहुतेक जण आधी कंपनीचं नाव वाचतात. माझी नजर आधी जाते ती आकड्यांशेजारच्या पिवळट ठिपक्यांकडे. अंधारात चमकावेत म्हणून लावलेल्या या रंगाची रसायनं काळानुसार बदलत गेली, त्यामुळे घड्याळ कोणत्या काळातलं हे त्यावरून बरंच उलगडतं.

1960 च्या आसपासपर्यंत या रंगात रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य आणि झिंक सल्फाइड असे. रेडियममधून सुटणारे अल्फा कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळत आणि प्रत्येक आघाताला प्रकाश निघे. पण हाच मारा स्फटिक हळूहळू निकामी करतो. म्हणून 1945 सालच्या घड्याळाची तबकडी आज अंधारात मिट्ट काळी दिसते. रेडियम मात्र जवळजवळ सगळं शाबूत असतं, कारण त्याचा अर्धायुकाल, म्हणजे घटून अर्धं उरायला लागणारा काळ, सुमारे 1600 वर्षांचा आहे. ऐंशी वर्षांत त्यातलं जेमतेम साडेतीन टक्के घटतं.

अशा तबकडीवर आणखी एक खूण सापडते. घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं असेल, तर काट्यांवरच्या रेडियममुळे त्यांच्या खालची जागा तपकिरी होते आणि काट्यांच्या आकाराची सावली उमटते. सावली आहे पण वरचे काटे कोरेकरकरीत किंवा वेगळ्या आकाराचे आहेत, असं दिसलं तर ते नंतर बदललेले असण्याची शक्यता दाट. ही सावली मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा विश्वासाची वाटते.

या रंगाची किंमत माणसांनी मोजली आहे. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात तबकड्या रंगवणाऱ्या तरुणी ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. रेडियमची रासायनिक वागणूक कॅल्शियमसारखी. पोटात गेलेलं रेडियम हाडांत जाऊन बसलं, जबडे सडले, अनेकींचा जीव गेला. त्यांच्यातल्या पाच जणींनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि 1928 साली भरपाई मिळवली. जुन्या घड्याळांबद्दल बोलताना त्यांची आठवण राहायलाच हवी.

साठच्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमनं, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी प्रकारानं घेतली. स्विस तबकडीवर सहाच्या आकड्याखाली, अगदी कडेला, ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे इंग्रजी अक्षर दिसलं तर समजावं की तबकडी ट्रिटियमच्या काळातली. ट्रिटियमचा अर्धायुकाल 12.3 वर्षं. म्हणजे 1965 साली लावलेल्या ट्रिटियमपैकी साठ वर्षांनी तीन-साडेतीन टक्केच उरतं. त्याचे बीटा कण इतके दुबळे की घड्याळाची काचही त्यांना पुरून उरते. म्हणून काचेवर किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर धरला तर ट्रिटियमला तो गप्प राहतो आणि रेडियमला कडकडतो. रेडियमपासून पुढे तयार होणाऱ्या मूलद्रव्यांचे गॅमा किरण काच सहज ओलांडतात.

1993 मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीनं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा रंग आणला. त्यात किरणोत्सर्ग नाही. तो उजेड साठवतो आणि कित्येक तास सोडत राहतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस स्विस कंपन्याही त्याकडे वळल्या.

इथे नोटा तपासायचा जांभळा टॉर्च कामी येतो. अंधाऱ्या खोलीत काही सेकंद तो तबकडीवर मारा आणि बंद करा. जुना ट्रिटियमचा रंग मंद उजळतो आणि लगेच विझत जातो. रेडियमचा रंग बहुधा टॉर्चबरोबरच मालवतो. पण 1960 चं म्हणून विकायला ठेवलेलं घड्याळ बराच वेळ हिरवंगार चमकत राहिलं, तर तो रंग नक्कीच अलीकडे लावलेला.

जगभरचे संग्राहक ज्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, ती अशीच नव्यानं रंगवलेली घड्याळं. एचएमटीचा बंगळुरूचा कारखाना 1961 साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं सुरू झाला. त्या एचएमटीचं ‘पायलट’ हे मॉडेल मूळ तबकडीवर साधं, नीटस दिसतं. त्याला भडक निळा-केशरी रंग फासला की घड्याळ चालतं, पण त्याचा इतिहास पुसला जातो. डाग पडलेली मूळ तबकडी मला केव्हाही जास्त मोलाची वाटते.

ठिपक्यांचा पुरावा मशीनशीही जुळायला हवा. सेको या जपानी कंपनीच्या अनेक घड्याळांत पाठीवरच्या क्रमांकाचा पहिला अंक सालाचा शेवटचा आकडा सांगतो आणि दुसरं चिन्ह महिना. पहिला अंक 8 असेल तर साल 1978, 1988 की 1998? आत 7एस26 मशीन असेल तर पहिली दोन्ही सालं बाद, कारण ते मशीन 1996 मध्ये आलं.

रेडियमचा संशय असेल तर घड्याळ स्वतः उघडू नका. रंग ठिसूळ होऊन त्याची पूड पडते आणि ती श्वासातून आत जाणं हाच मोठा धोका. रेडियमपासून रेडॉन वायूही बनतो; अशी बरीच घड्याळं एका बंद कपाटात झोपायच्या खोलीत ठेवू नयेत. दुरुस्तीला देताना घड्याळजींना तबकडी रेडियमची आहे हे आधी सांगा.