हे काका एवढे काळे का?

बसमध्ये चार वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर बसली आहे. समोरच्या माणसाकडे बोट दाखवून ती खणखणीत आवाजात विचारते, "आई, हे काका एवढे काळे का?" आई घाईघाईने तिचं बोट खाली करते, "शू, असं बोलू नये" म्हणते आणि तिला खिडकीबाहेरची गंमत दाखवते. मुलीला उत्तर मिळालं नाही. पण काळं असणं ही दबक्या आवाजात बोलायची गोष्ट आहे, एवढं तिला पक्कं समजलं.

आईचा हेतू चांगलाच होता. आपण विषय काढला नाही तर मुलांच्या मनात रंगभेद शिरणारच नाही, असं पुष्कळ पालकांना मनापासून वाटतं. संशोधन मात्र उलट दिशेला बोट दाखवतं. नवजात बाळाला सगळे चेहरे सारखेच. तीन महिन्यांचं होईतो ते घरच्यांसारख्या वर्णाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघू लागतं. हा द्वेष नव्हे, ओळखीची ओढ आहे. ज्या बाळांच्या अवतीभवती वेगवेगळ्या वर्णांची माणसं वावरतात, त्यांच्यात हा कल आढळला नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ रिबेका बिगलर यांचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी लाल किंवा निळे टी-शर्ट घालायला दिले. कुणाला कोणता, हे कसल्याही गुणावर ठरलेलं नव्हतं. काही वर्गांत बाई रंगाचा उल्लेखच करत नसत. बाकीच्या वर्गांत 'लाल मुलांनो', 'निळ्या मुलांनो' अशी हाक मारत आणि रांगाही रंगांप्रमाणे लावत. कोणता रंग चांगला, हे कुणीही कधीच म्हटलं नाही. तरी तीन आठवड्यांत मुलांना आपल्याच रंगाचा गट जास्त आवडू लागला, आणि बाई रंगावरून हाका मारत त्या वर्गांत हे अधिक ठळकपणे दिसलं. मोठी माणसं ज्या फरकावरून माणसांच्या वाटण्या करतात, तो फरक महत्त्वाचा असणार, असा साधा हिशेब मुलं करतात. मग जिथे वस्त्या, शाळा आणि कामं रंगानुसार विभागलेली दिसतात, तिथे मुलं काय हिशेब करत असतील?

केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1940 च्या दशकात हेच शोधलं. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी गोरी 'छान' ठरवली. "तुझ्यासारखी कोणती?" या प्रश्नावर काही मुलं रडू लागली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळांची पद्धत घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या अमेरिकी निकालात या कामाचा दाखला आहे.

मग मुलांना सांगायचं काय? रंगाचं उत्तर सोपं आहे आणि सुंदरही. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी सगळ्यांमध्ये साधारण सारख्याच संख्येने असतात. त्या मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचं बनवतात, एवढाच फरक. मेलॅनिनचे कण त्वचेच्या पेशीत केंद्रकावर छत्रीसारखे जमतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून डीएनए वाचवतात. प्रखर उन्हाच्या प्रदेशात छत्री दाट झाली. ऊन कमी तिथे ड जीवनसत्त्व तयार व्हावं म्हणून ती विरळ झाली. "त्या काकांच्या पणजोबांच्या पणजोबांकडे खूप ऊन होतं, म्हणून त्यांच्या अंगात दाट छत्री आहे," हे चार वर्षांच्या मुलीला सहज कळतं, आणि ते मोठ्याने बोलता येतं. काकांनाही ऐकू गेलं तर बिघडत नाही.

इतिहासाचं उत्तर जड आहे. गुलाम म्हणून अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी सव्वा कोटीच्या आसपास आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबलं गेलं. त्यांतली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच गेली. हे सहा वर्षांच्या मुलाला सांगावं का? आकडे नकोत, पण अन्याय झाला हे सांगावं. बिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 6 ते 11 वर्षांच्या मुलांना बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनसारख्या नामवंत कृष्णवर्णीयांची चरित्रं शिकवली. काहींना नुसतं कर्तृत्व सांगितलं, काहींना त्यांनी सोसलेला भेदभावही. अन्यायाची गोष्ट ऐकलेल्या गोऱ्या मुलांची कृष्णवर्णीयांबद्दलची मतं जास्त चांगली निघाली. मला यात नवल वाटत नाही. 'हे बरोबर नाही!' हे वाक्य मुलं दिवसातून दहा वेळा म्हणतात. न्याय-अन्यायाचा काटा त्यांच्याकडे आधीपासून असतो.

सुरुवातीला रूबी ब्रिजेसची गोष्ट सांगता येते. 14 नोव्हेंबर 1960. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या, तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या एका शाळेत सहा वर्षांची कृष्णवर्णीय रूबी संरक्षणासाठी आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या मधून चालत गेली. बाहेर मोठी माणसं ओरडत होती. पुढे वर्षभर तिच्या वर्गात ती एकटीच विद्यार्थिनी होती.

इथे मूल हमखास विचारतं, "बाकीची मुलं कुठे गेली?" खरं तेच सांगावं: त्यांच्या आईवडिलांनी त्यांना घरी नेलं. आणि हेही सांगावं, की एक गोरे पाद्री त्याच गर्दीच्या शिव्या खात आपल्या पाच वर्षांच्या मुलीला रोज त्या शाळेत पोचवत राहिले.