ग्रामसभेची गणपूर्ती आणि गावाचा भरवसा

महाराष्ट्रात ग्रामसभेला कायद्याचे अधिष्ठान १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने मिळाले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. त्या रचनेत निधी आणि अधिकार यांचे वजन जिल्ह्याकडे राहिले व ग्रामसभा वर्षातून काही वेळा उरकायचा उपचार झाली. २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत स्थान दिले खरे, पण तिने कोणते अधिकार वापरायचे हे ठरवणे राज्याच्या विधिमंडळावर सोपवले.

ग्रामसभेवर गावकऱ्यांचा भरवसा उरला नाही; हा अविश्वास कशातून आला, हे गणपूर्तीच्या नियमात स्पष्ट दिसते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक सभेला हवेत. तेवढे न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. त्यामुळे दवंडी ऐकूनही लोक शेतावर निघून जातात, पुढच्या सभेत मूठभर माणसे ठराव संमत करतात, आणि इतिवृत्ताच्या वहीवर सह्या-अंगठे घ्यायला शिपाई नंतर घरोघर फिरतो. अशा वहीतला लाभार्थी निवडीचा ठराव गावाने आपला मानावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. बायकांना भरसभेत बोलता येत नाही हे ओळखून ग्रामसभेआधी स्वतंत्र महिला सभा घेण्याची तरतूद पुढे कायद्यात आली. ती बऱ्याच ठिकाणी त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर उरकली जाते.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावात क्रम उलटा होता. १९८० च्या दशकात धरणविरोधी चळवळीतून जागे झालेल्या या गावाने बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घ्यायचे ठरवले. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो, आणि मधल्या काळात अभ्यासगटात माहिती गोळा करून त्यावर चर्चा होते. हे काम वेळखाऊ आहे, परंतु हरलेला गट मागे राहत नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतच होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि त्यानंतर बांबूच्या विक्रीचा हिशेब गावातच मांडला जाऊ लागला.