फ्रेंच फिल्म न्वार

गुन्हेगार, पोलीस आणि त्यांच्यातला विश्वासघात यांभोवती फिरणारा फ्रेंच चित्रपटप्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतरची सुमारे २५ वर्षे हा त्याचा बहराचा काळ. ‘न्वार’ म्हणजे काळा. समीक्षक नीनो फ्रांक यांनी १९४६ मध्ये हा शब्द वापरला तो अमेरिकी चित्रपटांबद्दल. पॅरिसच्या गालीमार प्रकाशनाने ‘सेरी न्वार’ ही गुन्हेकथामाला त्याआधीच, १९४५ मध्ये, सुरू केली होती. पुढचे कित्येक चित्रपट तिच्यातल्या कादंबऱ्यांवरच बेतले गेले.

या चित्रपटांचे खरे बळ त्यांतल्या कामात आहे: मुकाट्याने, सवयीच्या हातांनी केलेल्या. अमेरिकेत काळ्या यादीत टाकलेल्या ज्यूल्स दासिन यांच्या ‘रिफिफी’त (१९५५) जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा सुमारे अर्धा तास चालतो, त्यात ना संवाद, ना संगीत. वरच्या मजल्याची जमीन फोडून भोकातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात. पडणारा चुरा तिच्यात साठतो, खाली आवाज जात नाही. धोक्याच्या घंटेत अग्निशामकाचा फेस भरतात. झाक बेकर यांच्या ‘ग्रिस्बी’त (१९५४) तर थकलेले दोन दरोडेखोर टोस्टला ‘पाते’ (मांसाचे मऊ वाटण) लावून खातात, वाइन पितात, दात घासून झोपतात. त्यांतल्या एकाचे काम करणाऱ्या झां गाबँचे वय त्या दात घासण्यात जितके कळते तितके कुठल्याच संवादात नाही.

पाहायला सुरुवात या दोन्हींपासून करावी. मग लुई माल यांचा १९५८चा लिफ्टमध्ये अडकलेल्या खुन्याचा चित्रपट घ्यावा; त्यात नायिका झान मोरो दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडात रात्रभर पॅरिसमध्ये भटकते आणि जॅझ वादक माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट तिची सोबत करतो. दिग्दर्शक झां-पिएर मेलव्हिल यांचा ‘ल सामुराई’ (१९६७) त्यानंतर. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि कंटाळतात, कारण पहिली जवळपास दहा मिनिटे कुणी बोलतच नाही.

टीव्हीचा भडक रंगांचा मोड बंद ठेवावा. नाहीतर ‘सामुराई’चा राखाडी-निळा रंग मरतो. ‘रिफिफी’ आणि ‘ग्रिस्बी’ची चौकट ४:३च्या जवळची आहे. बाजूच्या काळ्या पट्ट्या घालवायला चित्र ताणले की चेहरे रुंद होतात. डब केलेली प्रत टाळावी आणि उपशीर्षकांवरही पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण ही पात्रे पॅरिसच्या चोरबोलीत बोलतात. ‘ग्रिस्बी’ म्हणजे लुटीचा माल. ‘दूलोस’ म्हणजे टोपी, आणि पोलिसांचा खबऱ्याही. मेलव्हिल यांच्या त्याच नावाच्या चित्रपटात (१९६२) टोपी कुणाच्या डोक्यावर आहे, इकडे शेवटपर्यंत लक्ष ठेवावे.